खिडकी चुकली आहे, तरीही सांगतो

मगदूम अण्णांशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणीच्या लग्नाला मलकापूरला जायचं होतं म्हणून कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "मलकापूरची गाडी कितीला आहे?"

आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कशाला जायाचं?"

"तुम्हाला काय करायचंय? गाडी कितीला ते सांगा की."

"गाड्या रग्गड हायत. तुला कुठली पायजे ते मला कळाय नको?"

"लग्नाला जायचंय."

"अक्षता कितीला?"

"साडेबाराला."

मग मान वर झाली. जाड भिंगाचा चष्मा आणि त्यामागं सगळ्या जगाची गाडी हुकणार अशी खात्री असलेले डोळे. "ह्यी समोर लागलीया तिच्यात बसू नगंस. ती गावं घेत घेत जाती, पंगत उठताना पोचशील. जरा दम धर, रत्नागिरी येती, तिच्यात बस. आणि उजव्या हाताला बस. डावीकडनं ऊन येतंय, साडी नवी दिसतीया."

मी रागानं थांबले. अक्षता मिळाल्या. साडीही शाबूत राहिली. पण "कशाला जायाचं" हा प्रश्न मी बरेच दिवस विसरले नव्हते.

पुढं लग्न होऊन मी शाहूपुरीतच झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं, आणि दोन घरं सोडून पलीकडं हेच दिनकर मगदूम राहतात असं कळलं. वाहतूक नियंत्रक. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. मीही म्हणू लागले, ते मला "पोरी" म्हणू लागले, आणि चाळिशी उलटली तरी मी पोरीच राहिले.

अण्णांना दोन भाषा येत. एक तोंडाची आणि एक माईकची. तोंडानं ते "व्हय", "न्हाय", "लई झालं की" असं चारचौघांसारखं बोलत. पण माईक हातात आला की "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी" असं काही घोटीव मराठी बाहेर पडे, की एकाच माणसाचा आवाज आहे यावर नवख्याचा विश्वास बसू नये. निवृत्तीनंतर माईक गेला, भाषा राहिली. ती घरात वापरायला सुरुवात झाली. चहा वेळेवर आला नाही तर बाहेरच्या सोप्यातून आवाज येई, "सकाळचा चहा अंदाजे वीस मिनिटे उशिराने धावत आहे." आतून मालनकाकूंचं उत्तर येई, "चहाचा टायर पंक्चर झालाय. उतरून धक्का मारा."

या माणसाला गाडी लागत असे, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या मार्गाला लावणारे अण्णा स्वतः पन्हाळ्याच्या पहिल्या वळणालाच पांढरे पडत. शर्टाच्या खिशात कायम एक लिंबू. कुणी विचारलं तर म्हणत, "सरबताला घेतलंय."

निवृत्तीनंतरचा पहिला महिना त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघराचं नियंत्रण केलं. दुसऱ्या महिन्यात काकूंनी पुण्याला मुलीला फोन लावला, "वैशाली, ह्यांना कायतरी काम बघ बाई, न्हायतर मला तरी तिकडं ने." वैशाली कॉम्प्युटरमधली. तिला वडिलांच्या वह्या माहीत होत्या. कुठली गाडी कुठं थांबते, फाट्यावर उतरलं की कुठल्या बाजूला चालायचं, पाणी कुठं मिळतं, बाईमाणसाला थांबायला बरी जागा कुठली, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. तिनं त्याची वेबसाइट करून दिली. नाव काय ठेवायचं म्हटल्यावर अण्णांनी क्षणही घेतला नाही. "मार्गस्थ."

सगळ्या वह्या माझ्या दुकानात टाइप झाल्या. अण्णा शेजारी स्टुलावर बसून सांगत आणि मी 'पुलाखाली' असं लिहिलं की चिडत. "पुलाखाली म्हंजे कुठं? पुलाला दोन बाजू, दोन तोंडं. पावणं चुकीच्या तोंडाला हुबं ऱ्हायलं तर गाडी डोळ्यांदेखत जाती." पानाच्या तळाशी त्यांनी हट्टानं एक चौकट करून घेतली. वर ठळक अक्षरात 'चौकशी'. कुणी त्यात प्रश्न लिहिला की तो अण्णांच्या मेलवर यायचा. पहिल्या वर्षात एक प्रश्न आला. तो वैशालीचा होता. "अण्णा, जेवलात का?"

दोनेक वर्षांनी एके सकाळी अण्णा दुकानाची पायरी चढले ते मोबाइल उंच धरूनच. "पोरी, लोकास्नी पत्ता लागला बग!"

मी वाचलं. "पाऊण तास झाला, बस आलेली नाही. काय चाललंय तुमचं?"

"कुठली बस, अण्णा?"

"त्येच इचारतो की." त्यांनी मला उत्तर लिहायला लावलं, अर्थात माईकच्या भाषेत. कोणती गाडी, कुठे उभे आहात, कोणत्या कामासाठी जात आहात. पलीकडून लगेच आलं, "तुम्हाला काय करायचंय?" ते वाचून मला फार बरं वाटलं.

त्या आठवड्यात असे बरेच प्रश्न आले आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुण्याच्या एका खासगी कंपनीनं झोपायच्या गाड्या सुरू केल्या होत्या आणि त्यांचंही नाव 'मार्गस्थ'. फक्त अशोकचा अशोका करतात तसं त्यांनी इंग्रजीत शेवटी एक ए लावला होता. मराठी माणूस जसं बोलतो तसंच टाइप करतो. ए गळाला की तो थेट शाहूपुरीत, अण्णांच्या सोप्यात.

मी हे समजावल्यावर अण्णांचा चेहरा जरा पडलाच. "म्हंजे ही माणसं माझ्याकडं आल्याली न्हाईत?"

"चुकून आलीत."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "खिडकीवर चुकून आल्यालाच जास्ती असायचा. पास काढायची खिडकी शेजारी, आणि माझ्याकडं यायचा. त्याला हाकलायचा व्हय?"

"हाकलत होता की तुम्ही."

"सांगून मग हाकलत हुतो."

तेव्हापासून प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरली. "महोदय, आपली खिडकी चुकली आहे. तरीही सांगतो." मग उत्तर, आणि शेवटी कंपनीचा खरा पत्ता, ए सकट. अण्णा आधी कागदावर लिहायचे, खोडायचे, मग मी टाइप करायचे. एकानं "तुम्ही सगळे चोर आहात" असं लिहिलं, त्याला गेलेलं उत्तर मला पाठ आहे. "आपला राग योग्य पत्त्यावर पोहोचण्यासाठी कृपया शेवटी ए लावावा."

उत्तरं द्यायला माहिती लागते, म्हणून हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर बसून त्यांनी त्या कंपनीच्या ड्रायव्हरांशी ओळख काढली. फोन नंबर घेतले. थोड्याच दिवसांत गाडी कुठं आहे हे कंपनीच्या आधी अण्णांना कळू लागलं. एका मुलीनं लिहिलं की तिची आई एकटीच पुण्याहून येतेय, फोन लागत नाही, गाडी हायवेलाच सोडते, काय करू? अण्णा रिक्षा करून गेले. म्हातारीला उतरवून घरी आणलं. काकूंनी तिला पिठलं-भाकरी वाढली. जाताना ती काकूंना म्हणाली, "कंपनी लई चांगली हाय हो तुमची. जेवायला पण घालती."

इथंच घोळ झाला. लोक कौतुक करू लागले, पण कंपनीचं. "तुमच्या मगदूम सरांनी फार मदत केली." कंपनीनं म्हणे आपल्या सगळ्या कचेऱ्यांत मगदूम नावाचा माणूस शोधला. सापडला नाही. मग शोधत शोधत ते शाहूपुरीपर्यंत आले, आणि आधी आली ती वकिलाची नोटीस. आमचं नाव वापरून तुम्ही ग्राहकांची दिशाभूल करता, पंधरा दिवसांत नाव आमच्या हवाली करा.

काकू घाबरल्या. "आता म्हातारपणी कोर्टाची पायरी दावा मला."

अण्णा घाबरले नाहीत असं ते म्हणतात. मी त्यांना त्या दिवशी दोन लिंबं खिशात ठेवताना पाहिलंय. पण कागद त्यांच्या बाजूनं होते. वेबसाइटचं नाव घेतल्याची पावती वैशालीनं जपून ठेवली होती आणि तेव्हा ती कंपनी जन्मालाही आली नव्हती. वैशालीनं ओळखीच्या वकिलाला विचारून घेतलं, आणि उत्तराचा मसुदा अण्णांनी स्वतः केला. "आपली कंपनी सुटण्यापूर्वी आमचे नाव फलाटाला लागलेले होते, याची नोंद घ्यावी."

मग नोटिसा थांबल्या आणि फोन सुरू झाले. काका, विकत घेतो, आकडा सांगा. अण्णांना याचीच गंमत वाटू लागली. गल्लीत बड्या असामीगत चालू लागले. "इकनार न्हाय," ते म्हणायचे. "खिडकी काय इकायची वस्तू हाय व्हय?" काकूंचे गुडघे तेव्हा फार दुखत. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या भिंतीला धरून उठायच्या, आणि जरा जास्तच आवाज करून उठायच्या.

ते हट्टानं तसेच राहिले असते. पण निपाणीला बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं. दोघं दोन दिवस तिकडं राहिली. तिथं मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला आणि अण्णा म्हणाले, राहू दे, दोन दिवसांत काय बिघडतंय.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात मेल बघायला आले. इचलकरंजीहून एकाचे तीन निरोप होते, हिंदीत. हा माणूस, त्यानं लिहिल्याप्रमाणे, यंत्रमागावर काम करणारा, बिहारकडचा. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याची तारीख मिळाली होती. पहिल्यात विचारलं होतं, गाडी गावात येते की हायवेला जावं लागतं? दुसऱ्यात, "हम खड़े हैं।" तिसऱ्यात, "चली गई।"

अण्णांनी ते परत वाचायला लावलं. मी वाचलं.

"अण्णा, तुमची काय चूक? तो कंपनीला विचारत होता."

"इचारत हुता की न्हाय? मग झालं." ते उठले. "खिडकी बंद असंल तर बंद अशी पाटी लावाय लागती, पोरी. मी उघडी ठिवून बारशाला गेलतो."

दुसऱ्या दिवशी ते इचलकरंजीला गेले. बसनं. परतले तेव्हा चेहरा हळदीसारखा झाला होता, पण त्यांनी त्या माणसाला पाळी सुटताना मागाच्या शेडबाहेर गाठलं होतं. तो उलट यांनाच पाणी देत होता, म्हणाला, "बाबूजी, आपकी क्या गलती?" तेच अण्णांना सोसलं नसावं. हॉस्पिटलमध्ये फोन करकरून त्यांनी पुढची तारीख मिळवली आणि त्या दिवशी हायवेला जाऊन नवराबायकोला स्वतः गाडीत बसवलं. ऑपरेशन झालं, बाईला नीट दिसू लागलं. तरी ती तीन ओळींची प्रिंट बरेच दिवस त्यांच्या चष्म्याच्या घरात घडी घालून होती.

आणि मग त्यांनी आपणहून कंपनीला फोन लावला.

बैठक माझ्याच दुकानात झाली. पुण्याहून एक साहिल नावाचा तरुण अधिकारी आला, गुळगुळीत दाढी, हातात लॅपटॉप. आम्ही चहा मागवला. तो म्हणाला, "काका, मोकळेपणानं सांगा, तुमची अपेक्षा काय आहे?"

"खिडकी पायजे," अण्णा म्हणाले.

साहिल खुलला. "एवढंच? विंडो सीट ना! आयुष्यभर देतो. तुम्हाला आणि काकूंना, कुठंही जा, फ्री."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

"बसायला न्हाय रं बाबा. चौकशीची खिडकी. माणसानं फोन लावला की पलीकडनं माणूस बोलला पायजे. पहिल्या गाडीपास्नं शेवटच्या गाडीपतूर."

"अहो, आमच्याकडं चॅटबॉट आहे. चोवीस तास उत्तर देतो. बघा." त्यानं मोबाइल पुढं केला.

"इचार त्याला, इचलकरंजीच्या माणसानं कुठं हुबं ऱ्हायाचं."

साहिलनं टाइप केलं. उत्तर आलं, "क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही. कृपया खालीलपैकी पर्याय निवडा."

"एक डाव माफ करू. परत इचार."

परत तेच आलं. अण्णा मागं टेकले. "ह्याला मी पहिल्याच दिवशी खिडकीवरनं उठीवला असता."

साहिलला आधी वाटलं, भाव वाढवायला म्हातारा अडून बसलाय. त्यानं फोनवर सांगितलेला आकडा वाढवला. अण्णांनी हात वर केला. "पैसं तू पयलं म्हनलास तेवढंच दे. पर माणूस बसीव." मग चष्म्याच्या घरातून ती घडी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. साहिलनं तीन ओळी वाचल्या. पोरगा वाईट नव्हता. तो दुकानाबाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. काचेतून त्याचे हातवारे दिसत होते. काकू पायरीवर बसून त्याच्याकडं अशा बघत होत्या की मला वाटतं, अर्धी मंजुरी त्या नजरेनंच मिळवली.

करारात ते कलम आलं. फोनवर माणूस बसवायचा, आणि प्रत्येक थांब्याची खूण अण्णांच्या वहीप्रमाणे लिहायची, पुलाच्या बाजूसकट. रक्कम मी सांगणार नाही. तशी शपथ आहे. एवढंच सांगते की काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं त्यात झाली आणि त्यानंतर त्या न धरता आणि न आवाज करता उठू लागल्या.

नाव हस्तांतरित झालं त्या दिवशी अण्णांनी आपलाच पत्ता टाइप केला, ए न लावता. निळी गाडी आणि हसणारी बाई असलेलं पान उघडलं. "झकपक केलंय," एवढंच म्हणाले आणि घरी गेले. चार दिवस आले नाहीत. काकू म्हणाल्या, भिंतीकडं तोंड करून पडत्यात.

पाचव्या दिवशी त्यांना पुण्याहून फोन आला. त्या नव्या खिडकीवर बसवलेली मुलगी, स्नेहल, मूळची लातूरची. तिला कोल्हापूरकडचं काही ठाऊक नव्हतं, आणि वहीवर अण्णांचा नंबर होता. "काका, किणी टोलनाक्याच्या अलीकडं म्हणजे कोल्हापूरकडून अलीकडं का पुण्याकडून?"

"शाब्बास!" अण्णा ओरडले. "हा प्रश्न आजवर कुणी इचारला न्हवता. लिवून घे."

तिथून रोजचा परिपाठ झाला. ती विचारायची, हे सांगायचे, वर खेकसायचे. "आधी कशाला जायाचं ते इचारत जा!" ती म्हणायची, "काका, आम्हाला ठरवून दिलेली वाक्यं असतात. असं विचारलं तर नोकरी जाईल." "मग गोड आवाजात इचार." काकू मला सांगत, "माझ्याशी उभ्या जन्मात एवढं बोलले न्हाईत. तरी बरं, ती लातूरला ऱ्हाती का पुण्याला, एवढं पण ह्यांनी इचारलं न्हाय."

वर्षभर हे चाललं. पुढं वैशालीनं दोघांना पुण्याला नेलं, आणि तिथंच गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. झोपेतच. मला कळायला दोन दिवस उशीर झाला.

पण मला अण्णा आठवतात ते कोल्हापूर सोडायच्या आधीच्या एका सकाळचे. स्नेहल आईला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आली होती आणि अण्णांना भेटायला शाहूपुरीत येणार होती. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच माझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभे. मोबाइल कानाला. "आता डाव्या हाताला दवाखाना दिसतोय? तो सोड. म्होरं पिंपळ हाय. व्हय, तिथनं वळ." बोलत बोलत ते तिला घ्यायला पुढं चालू लागले. समोरून एक सावळी, ठेंगणी मुलगी आली, तिच्याही कानाला मोबाइल, मागं पिशवी घेतलेली आई. दोघं एकमेकांना ओलांडून गेली. अण्णांनी तर "जरा सरकून चाला, बाई" असंही सांगितलं. कधी पाहिलंच नव्हतं ना एकमेकांना. मी दुकानातून हाक मारणार, तेवढ्यात ती मुलगी थांबली आणि मोबाइलमध्ये म्हणाली, "काका, पिंपळ तर मागं गेला, आता?"

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. हातातल्या मोबाइलकडं त्यांनी एकदा पाहिलं, मग तो हळूच कानावरून खाली घेतला, आणि आवाज कुठून आला हे कळलेला माणूस जसा वळतो, तसे वळले.